घर पाहुण्यांसाठी सजवायचं, की घरच्यांसाठी?

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते. ती बहुतेक वेळा खर्चाबद्दल आणि दगदगीबद्दल वापरली जाते. डॉक्टर म्हणून मला तिचा आणखी एक अर्थ दिसतो. घर बांधताना पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या आरोग्याचे बरेच निर्णय होऊन जातात आणि ते आरोग्याचे निर्णय आहेत हे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाया, कॉलम, स्लॅब इथपर्यंत घर इंजिनिअर आणि सेंट्रिंगवाल्यांच्या हातात असतं. गिलावा झाला की ते घरच्यांच्या हातात येतं. फरशी कुठली, रंग कुठला, कट्टा कसा, कपाटं किती, पीओपी करायचं की नाही यावर रोज चर्चा झडतात. पैसा तोवर संपत आलेला असतो आणि घरभरणीची तारीख जवळ येत असते. मग उरलेला पैसा पाहुण्यांच्या नजरेत भरेल अशा गोष्टींवर जातो. हॉलचं सीलिंग चमकतं आणि आजींच्या बाथरूममध्ये हाताला धरायला काही नसतं.

माझं मत सरळ आहे. फिनिशिंगचा क्रम आणि तारीख घरातल्यांच्या फुप्फुसांकडे आणि गुडघ्यांकडे बघून ठरवा. शोभेचं काम नंतरही करता येतं.

धुळीपासून सुरुवात करू

वायरिंगसाठी भिंतीत झिऱ्या मारणं, टाइल आणि ग्रॅनाइट कापणं, पुट्टी घासणं ही कामं चालू असताना घरात धुकं पडल्यासारखं दिसतं. वाळू, सिमेंटचा गिलावा, टाइल आणि अनेक प्रकारचे दगड यांत सिलिका असते. कटर कोरडा चालवला की तिचे अतिसूक्ष्म कण उडतात. हे कण केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात, त्यामुळे ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तिथेच राहतात. वर्षानुवर्षं ही धूळ घेणाऱ्या कामगाराला सिलिकोसिस होतो. त्यात फुप्फुस हळूहळू कडक होतं. हा आजार औषधाने उलटत नाही आणि अशा माणसाला क्षयरोग होण्याची शक्यताही वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच स्फटिकरूप सिलिकाची धूळ कर्करोगकारक म्हणून जाहीर केली आहे.

हल्ली किचन कट्ट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्झचा दगड आपल्याकडेही येऊ लागला आहे. त्यात सिलिकाचं प्रमाण फार जास्त असतं. तो कापणाऱ्या तरुण कारागिरांना सिलिकोसिस होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. बसवलेला कट्टा घरच्यांना त्रास देत नाही. धोका तो कापणाऱ्याला असतो.

उपाय महाग नाही. कापताना पात्यावर पाण्याची बारीक धार सोडायची आणि शक्य तेवढं कापकाम अंगणात, मोकळ्या हवेत करायचं. कारागिराच्या तोंडाला रुमाल बांधलेला असतो, पण रुमाल ही धूळ अडवत नाही. त्याला एन-९५ मास्क द्या. सिमेंटच्या एका पोत्याच्या पैशांत बरेच मास्क येतात. आपल्या घरासाठी राबणाऱ्या माणसाची एवढी काळजी घेणं हा घरमालकाच्या जबाबदारीचाच भाग आहे, असं मी मानतो. दुसरी गोष्ट, काम बघायला जाताना लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना बरोबर नेऊ नका. संध्याकाळी झाडताना कोरडा झाडू न मारता आधी पाणी शिंपडा.

भिंतीला वाळू द्या

आपल्या भागातली खरी अडचण इथे आहे. चातुर्मासात वास्तुशांत करायची नाही म्हणून आषाढी एकादशीच्या आधी घर पूर्ण करण्याची घाई असते. एप्रिलमध्ये गिलावा, त्यावर पाणी मारणं, लगेच पुट्टी, मे महिन्यात रंग आणि मृगाच्या आधी मुक्काम. गिलाव्यातलं पाणी अजून भिंतीतच असतं आणि त्यावर रंगाचं झाकण बसतं. जूनमध्ये पाऊस लागतो, खिडक्या बंद होतात. श्रावणापर्यंत कोपऱ्यात, कपाटामागे काळे-हिरवे ठिपके दिसू लागतात.

ही बुरशी नुसती दिसायला वाईट नाही. तिचे बीजाणू हवेत तरंगतात. दमा आणि ॲलर्जीच्या रुग्णांना त्यामुळे धाप, शिंका, रात्रीचा खोकला सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी या एकाच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, इतकं याचं महत्त्व आहे. ‘नव्या घरात आल्यापासून पोराचा खोकला जात नाही’ असं सांगणाऱ्या आईला मी औषधाआधी विचारतो, गिलावा कधी झाला आणि रंग कधी लागला?

नवा गिलावा किमान २८ दिवस वाळल्यावरच रंगाला हात लावावा, हा सर्वसाधारण नियम आहे. हवा दमट असेल तर आणखी थांबावं. घरच्या घरी एक तपासणी करता येते. हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले किंवा भिंत ओलसर लागली, तर रंगाऱ्याला थांबवा.

वारणाकाठच्या निलेवाडी, खोचीसारख्या गावांनी आणि पंचगंगेकाठच्या वस्त्यांनी २०१९ आणि २०२१ चा महापूर पाहिला आहे. जिथे पाणी घरात आलं होतं, तिथे नवं घर करताना किंवा जुनं दुरुस्त करताना खालच्या तीन-चार फुटांत प्लायवुड आणि पीओपी टाळावं. ती ओल धरून ठेवतात आणि फुगतात. स्विचबोर्डही शक्य तेवढे वर घ्यावेत.

नव्या घराचा वास

रंग आणि नव्या फर्निचरचा तो वास अनेकांना आवडतो. पण वास म्हणजे हवेत मिसळलेली रसायनं. टर्पेंटाइन मिसळून लावायच्या ऑइलपेंटमधून ती जास्त निघतात, पाण्यातल्या इमल्शनमधून कमी. डोळे चुरचुरणं, डोकं दुखणं, घसा खवखवणं आणि दमेकऱ्याला धाप लागणं हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत.

रंगातल्या शिशाबद्दल आपल्याकडे कायदा झाला आहे. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त चालत नाही. डब्यावर तसा उल्लेख असतो, तो वाचा. सुटा, बिननावाचा रंग घेऊ नका. जुन्या वाड्याची दारं-खिडक्या नव्या घरात बसवणार असाल तर त्यांच्यावरचा जुना ऑइलपेंट कोरडा खरवडू नका, ओला करून काढा आणि त्या दिवशी मुलांना लांब ठेवा. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा आणतं.

प्लायवुड आणि एमडीएफच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. सुरुवातीच्या महिन्यांत तो सर्वाधिक असतो, उष्णता आणि दमटपणा वाढला की आणखी वाढतो. खरेदी करताना ई-१ किंवा त्याहून चांगली ई-० श्रेणी मागा. सनमायका लावताना कपाटाच्या कच्च्या कडा आणि मागची बाजूही झाकून घ्या. काम संपल्यावर कपाटांची दारं आणि खिडक्या उघड्या ठेवून निदान तीन-चार आठवडे घर वाऱ्याला सोडा. अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर लावून वास झाकला जातो, रसायन जात नाही.

बाथरूम ही घरातली सर्वांत धोक्याची खोली

जगात अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. वर्षाला सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन यशस्वी झालं तरी पूर्वीसारखं हिंडणं-फिरणं अनेकांच्या नशिबी परत येत नाही.

म्हणून टाइल निवडताना ती दुकानात कोरडी बघू नका. तिच्यावर पाणी ओतून हात फिरवा, शक्य असेल तर पाय ठेवून बघा. बाथरूममध्ये खडबडीत टाइल आणि पाणी साचणार नाही असा ढाळ हवा. कमोडजवळ आणि शॉवरजवळ भिंतीत घट्ट बसवलेला स्टीलचा दांडा हवा, जमिनीपासून साधारण पावणेतीन ते तीन फुटांवर. टॉवेलचा दांडा माणसाचा भार घेत नाही, त्यावर विसंबू नका. आणि बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करा. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्या अंगावरच अडतं आणि मदत पोहोचत नाही. ही गोष्ट चौकट बसवतानाच ठरवावी लागते.

जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या हव्यात आणि कठडा खालपासून वरपर्यंत सलग हवा. गॅलरीच्या ग्रिलमध्ये आडव्या पट्ट्या नकोत, लहान मूल त्यांची शिडी करतं. उभ्या गजांत चार इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका.

गॅस गिझर बाथरूमच्या आत बसवूच नका. बंद जागेत तो कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणूस अंघोळ करता करता बेशुद्ध होतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या हवेत बसवा आणि पाइप आत घ्या. वायरमनला मुख्य बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवायला सांगा. विजेची गळती होताच तो प्रवाह तोडतो.

मुहूर्ताचं काय?

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, ‘डॉक्टर, भाडं आणि हप्ता दोन्ही भरतोय, थांबायचं कसं?’ ही अडचण खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. माझं म्हणणं इतकंच, की वास्तुशांत मुहूर्तावर करा, मुक्काम घर वाळल्यावर करा. त्या रात्री घरात झोपायची पद्धत असेल तर घरातल्या धडधाकट दोघांनी खिडक्या उघड्या ठेवून झोपावं. गरोदर सून, तान्हं बाळ आणि दमेकरी यांना त्या रात्री जुन्याच घरी ठेवा. ज्यांचं काम अजून ठरायचंय त्यांनी गिलावा दिवाळीनंतर काढावा. आपल्याकडची थंडीतली कोरडी हवा भिंती वाळायला सर्वांत चांगली असते आणि पावसाळ्याआधी पुरेसा वेळ हातात राहतो.

पैसे कमी पडत असतील तर सीलिंग पुढच्या वर्षी करा. बाथरूमचे दांडे, एक्झॉस्ट फॅन, आरसीसीबी आणि जिन्याचा कठडा मात्र आत्ताच करा. नव्या घरात गेल्यावर खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, छातीत घुरघुर झाली किंवा धाप लागली, तर ‘रंगाचा वास असेल’ म्हणून अंगावर काढू नका, तपासून घ्या. तुमच्या गवंड्याला आणि फरशीवाल्यालाही तेच सांगा.