वाफसा मोबाइलवर कळत नाही

शेतीचं सगळं ज्ञान आता मोबाइलमध्ये आलं आहे, तेव्हा शेतीशाळा, प्रात्यक्षिकं आणि गावात मुक्कामाला येणारे कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे कृषिदूत, हा खर्चिक पसारा आवरावा, असं मत सध्या आमच्या देवणी-उदगीर भागात ठणकावून मांडलं जातं. मांडणारे गृहस्थ शिकलेले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : शेतकऱ्याच्या पोराला शेती शिकवावी लागत नाही, ती त्याच्या रक्तातच असते, उरलेली माहिती घरबसल्या मिळते, कृषी महाविद्यालयातल्या पोरांनी चिखल तुडवण्यापेक्षा ड्रोन शिकावा. टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत दुबार पेरणीनं कंबर मोडलेली माणसंही असतात, याचं मला दुःख होतं.

रक्ताचा मुद्दा लगेच निकालात निघतो. आज खरिपात शिवारभर दिसणारं सोयाबीन आमच्या आजोबांनी कधी पेरलंच नव्हतं, मग ते रक्तात उतरलं कुठून? खर्चाचं म्हणाल तर एका दुबार पेरणीत गावाचं किती बियाणं मातीत जातं, ते आधी मांडा.

राहिली माहिती. 2019 च्या ऑक्टोबरात ऐन काढणीत पाऊस झाला, शेंगा भिजल्या आणि 2020 च्या जूनमध्ये मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही. उगवणशक्ती तपासून पेरा, हा सल्ला काय त्या वर्षी कुणाच्या कानावर आला नव्हता? 100 दाणे ओल्या बारदानात गुंडाळायचे, 5-6 दिवसांनी कोंब मोजायचे, 70 निघाले तर एकरी 30 किलो बियाणं धरायचं. वाचायला अर्धं मिनिट पुरतं. पण कोणता कोंब मोजायचा? मूळ खुडलेला, पिळवटलेला, बुरशी धरलेला कोंब चांगल्यात घातला की आकडा फुगतो आणि रानात तूट पडते. तो फरक कोंब हातात घेऊन, शेजारी बसून दाखवावा लागतो. सोयाबीनची साल पातळ, अंकुर सालीला लागूनच. मळणीयंत्र जोरात फिरवलं, पोतं ट्रॉलीवरून आपटलं, थप्पी उंच रचली, की दाणा वरून टपोरा दिसतो आणि आतून मेलेला असतो. पोतं कसं उतरवायचं, हेसुद्धा बियाण्याचंच शिक्षण आहे.

पुढे पेरणी. बी 3-4 सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये. पेरणीयंत्रामागे चालत तास उकरून कुणी पाहिलं नाही, तर ते काळ्या रानात दुप्पट खोल जातं, वरून पावसानं माती चोपली की कोंब आतच गुदमरतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असा संदेश दरवर्षी येतो. पण तालुक्याच्या गावी मोजलेला पाऊस माझ्या शिवारात पडलेला असतोच असं नाही. वरचं ढेकूळ ओलं आणि वीतभर खाली कोरडं, हे भारी रानात नेहमीचं. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, ओळखायला मूठभर माती दाबून बघावी लागते : हाताला चिकटली तर थांबायचं, गोळा होऊन खाली टाकल्यावर फुटला तर तिफण धरायची. ही परीक्षा कोणता पडदा घेणार?

किडीचंही तेच. पिवळं पडलेलं झाड फोटोत सारखंच दिसतं. खोड उभं चिरून आतलं पोखरण पाहिल्याशिवाय खोडमाशीची खात्री होत नाही. आणि 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा औषधाच्या डब्यांवर सूचना छापलेल्या होत्याच ना?

याच पठडीतला एक जुना वाद आठवतो. शेतीशाळेत बायांचं काय काम, असं आमच्याकडे भलेभले विचारायचे. सातबारावर नाव नाही म्हणून तिला बोलावणं नाही. आणि बियाणं निवडणारी, निंदणी करताना पानामागची अळी सगळ्यांआधी बघणारी तीच. तो वाद आम्ही जिंकला असं वाटत होतं. आज सभेतल्या खुर्च्या पाहिल्या की तसं म्हणवत नाही.

कृषिदूत येतात, बीजप्रक्रियेचा फोटो काढतात, बातमी छापून आणतात आणि जातात, हा त्या गृहस्थांचा एक आरोप मात्र पुष्कळ ठिकाणी खरा आहे. पण प्रात्यक्षिक नावापुरतं होतं, म्हणून प्रात्यक्षिकच बुडवायचं? ते नीट करायला भाग पाडा.

हातानं शिकण्याची मागणी कुणा परदेशी सल्लागाराची नव्हे. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे खेड्यातल्या शाळांत शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं आणि पोरांना प्रत्यक्ष शिकता यावं म्हणून छोटी नमुना शेतंही सुचवली. 1974 मध्ये पुदुच्चेरीत देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र उघडलं, तेही करून शिकण्याच्या तत्त्वावरच.

करायचं ते असं. कृषिदूतानं एकाच शेतकऱ्याच्या 10 गुंठ्यांवर पेरणीपासून राशीपर्यंत पूर्ण हंगाम काढावा आणि त्याचे निम्मे गुण त्या घरातल्या कारभाऱ्यानं आणि कारभारणीनं द्यावेत. देवणी हे नुसतं गावाचं नव्हे, गाईच्या जातीचंही नाव. वानेरा, बालंक्या, शेवरा हे तिचे तीन प्रकार इथल्या शाळेतल्या पोरांना गोठ्यात नेऊन दाखवावेत, धार काढायला लावावी, दुधाची नोंद ठेवायला लावावी; उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना या कामाला जोडावं. आणि उगवण-चाचणी मे महिन्यात प्रत्येक गावच्या पारावर व्हावी, ज्याचं त्याचं बियाणं ज्याच्या त्याच्या हातानं मोजून.