दोन अणूंसाठी २२ दिवस

महाडच्या एमआयडीसीतील रसायन कारखान्यांत रोज संयुगे तयार होतात, पण मूलद्रव्य एकही बदलत नाही. बदलतात ते इलेक्ट्रॉनांचे बंध. केंद्रकाला धक्का लागत नाही.

नवे मूलद्रव्य हवे तर केंद्रकांचेच संमीलन घडवावे लागते. रशियात दुब्ना येथे २० प्रोटॉनांचे कॅल्शियम ९८ प्रोटॉनांच्या कॅलिफोर्नियमवर आदळवून ११८वे मूलद्रव्य ओगानेसन मिळाले. हिशेब बेरजेचा, काम मात्र जिकिरीचे. धनभारित केंद्रके एकमेकांना दूर लोटतात. वेग कमी पडला तर ती जुळत नाहीत. जास्त झाला तर जुळलेले केंद्रक तापून फुटते. बहुतेकदा पुरती एकजीव होण्याआधीच ती विलग होतात. २०२४ मध्ये अमेरिकेतील बर्कली येथे प्लुटोनियमवर टायटॅनियमचा मारा करून २२ दिवसांत लिव्हरमोरियमचे अवघे दोन अणू हाती लागले.

मग दोन अणूंसाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मुंबईत कुलाब्यात मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) आवारात १९८८ पासून १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक आहे. तिथे लिव्हरमोरियमसारखे अतिजड मूलद्रव्य घडलेले नाही. पण संमीलन कुठे फसते, याचा अभ्यास होतो आणि त्यातून डिटेक्टर हाताळणारी, काटेकोर मोजमाप करणारी माणसे घडतात.

या माणसांत महाड-पोलादपूरची मुलेही असायला हवीत. इथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्याच कक्षेत येतात. विद्यापीठाने दरवर्षी ग्रामीण रायगडच्या काही विद्यार्थ्यांना पेलेट्रॉनवर महिनाभराचे प्रशिक्षण मिळवून द्यावे. प्रवासाचा आणि मुंबईत राहण्याचा खर्चही विद्यापीठानेच उचलावा.