समुद्राचा वर्किंग प्लॅन कोण लिहिणार?

वाढवणचे बंदर १९९८ मध्ये अडले होते. त्या सप्टेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण प्राधिकरणाने पी. अँड ओ. कंपनीच्या बंदराला नाही म्हटले. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने नाजूक ठरवलेला आहे, तिथे असले बंदर कायद्यात बसत नाही, असा तो निर्णय. किनाऱ्यावरच्या मांगेला आणि कोळी बाया-बापड्यांनी जी चिकाटी दाखवली तिला आमचा जोहार.

तेव्हा पाड्यापाड्यातून विचारणा झाली की बंदर गेलं, मग आपलं काय काम राहिलं? तसेही समुद्र त्यांचा, जंगल आपलं. आम्हाला हे पटत नाही. का ते या अंकात सांगतो.

जंगलाचे आधी काय झाले ते आठवा. सरकारने राखीव जंगल करताना नकाशा काढला. १९२७ च्या कायद्याचे कलम ४ सांगते की अमुक जंगल राखीव करायचा इरादा आहे. कलम ६ सांगते की ज्याचा कोणाचा हक्क असेल त्याने दावा करावा, आणि मुदत निदान तीन महिने. कलम ९ सांगते की ज्याने दावा केला नाही त्याचा हक्क संपला. आपल्या आजा-पणजाला कागद वाचता येत नव्हता, दवंडी पाड्यापर्यंत पोचली की नाही देव जाणे. तीन महिन्यांत जंगल सरकारचे झाले आणि आपण अतिक्रमणवाले. मग वर्किंग प्लॅन आला. कुठला कूप कोणत्या साली तोडायचा, साग कुठे लावायचा, गुरे कुठे बंद. त्या प्लॅनमध्ये सगळ्याला जागा होती, फक्त आपल्या नागलीला, कंदाला, मोहाला आणि चुलीच्या लाकडाला नव्हती. असली तरी ती ‘सवलत’ म्हणून, हक्क म्हणून नाही.

आता समुद्राकडे बघा. वरून पाणी सगळे सारखे दिसते. पण त्यात किती जणांचे काम चालते? मुंबईत ये-जा करणारी जहाजे आहेत. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचे तेल आहे, १९७४ मध्ये सापडलेले. तिथल्या एकेका प्लॅटफॉर्मभोवती पाचशे मीटरच्या आत मच्छीमाराने जायचे नाही. डहाणूचे थर्मल खारे पाणी आत घेते आणि तापलेले बाहेर सोडते. ट्रॉलर आहेत. परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतली मोठी जहाजे १९९१ च्या धोरणाने आत आली, त्याविरुद्ध देशभरच्या मच्छीमारांनी १९९४ मध्ये संप केला, आणि मुरारी समितीला १९९६ मध्ये सांगावे लागले की हे परवाने रद्द करा. या सगळ्यांत डोल जाळेवाला आहे, खाडीत निवटे पकडणारी बाई आहे, खडकावर कालवे फोडणारी म्हातारी आहे.

डोल जाळ्याचे थोडे सांगायला हवे, कारण आपल्यातल्या पुष्कळांनी ते पाहिलेले नाही. हे जाळे मासळीच्या मागे धावत नाही. समुद्राच्या तळात खुंट ठोकतात, त्याला जाळ्याचे तोंड बांधतात, आणि भरती-सुकतीच्या ओढीने बोंबील, जवळा, करंदी आपोआप आत येते. म्हणजे जागा आणि पाण्याची ओढ, दोन्ही नीट राहायला हवीत. कोणाचे खुंट कुठे हे गावाला ठाऊक असते, बापाकडून मुलाकडे जाते. समोर भराव घातला, बांध घातला, पाण्याची धार वळली, तर बोट शाबूत, जाळे शाबूत, पण मासळी नाही. आणि सरकारी नकाशात त्या जागी काय दिसते? नुसते निळे पाणी, रिकामे. आपल्या चरणीच्या जमिनीला ‘पडीक’ लिहितात तसेच हे.

नियोजन नसावे असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे पूजा केल्याशिवाय नवी रानभाजी तोंडात घालत नाहीत, तसा किनाऱ्यावर पावसात समुद्र बंद आणि नारळी पुनवेला नारळ देऊन उघडा. हेही नियोजनच. आजही नियम लागतात. महाराष्ट्राच्या १९८१ च्या मासेमारी कायद्याखाली पाच ते दहा वाव खोलीच्या आत, जिथली जी हद्द असेल तिथे, ट्रॉलरला मनाई आहे. कागदावर आहे. रात्री आत येणाऱ्या ट्रॉलरला अडवायला कोण जातो ते कुठल्याही बंदरात विचारा!

नियम सगळे तुटक आहेत, ही खरी अडचण. १९९१ च्या सी.आर.झेड. अधिसूचनेप्रमाणे राज्याने किनाऱ्याचा आराखडा करायचा होता. पण तो भरतीच्या रेषेपासून जमिनीकडे पाचशे मीटर, आणि खाली ओहोटीच्या रेषेपर्यंत. त्यापुढचे पाणी त्यात नव्हतेच. बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी राज्याकडे, त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राकडे. तेलाचे खाते वेगळे, बंदराचे वेगळे, मासळीचे वेगळे. आज ना उद्या दिल्लीतला कोणी साहेब म्हणणार की हे सगळे एका नकाशात आणू, समुद्राचे पट्टे पाडू. चांगले वाटेल ऐकायला. पण तो नकाशा कोऱ्या कागदावर सुरू झाला, तर कलम ४ ते ९ ची गोष्ट पुन्हा घडेल.

ऑस्ट्रेलियात १९७५ मध्ये मोठ्या प्रवाळ रांगेसाठी कायदा झाला आणि समुद्राचे पट्टे पाडले, इथे मासेमारी चालेल, इथे नाही. त्या समुद्रावर हजारो वर्षे जगणारे तिथले आदिवासी त्या देशातही आहेत. जुलै १९९८ मध्ये तिथल्या कोर्टाने उत्तरेकडच्या क्रोकर बेटाच्या आदिवासींचा समुद्रावरचा हक्क मान्य केला. पण अर्धामुर्धा: स्वतःच्या खाण्यापुरती मासळी मारा, देवस्थानाला जा, मात्र दुसऱ्याला अडवायचा अधिकार नाही. आपल्या ‘सवलती’ची आठवण होते. तरी एक गोष्ट झाली. समुद्रावरही जुना हक्क असू शकतो हे कोर्टाच्या तोंडून निघाले.

तेव्हा आमचे म्हणणे असे की सरकारने नकाशा काढायच्या आधी किनाऱ्याच्या गावांनी आपला काढावा. कुठे कोणाचे खुंट, कुठे मासळी अंडी घालते, कुठल्या महिन्यात काय मिळते, कुठे सुकवतात, कुठून बोट ढकलतात. प्लॉटचे दावे लिहिताना आपण पाहिले की दंडाची पावती नसली की साहेब हात वर करतो. समुद्रात तर पावती मुळीच नाही. म्हणून म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून ठेवा, गावासमोर वाचा, सह्या-अंगठे घ्या.

एक गोष्ट किनाऱ्यावरच्या साथींना कडू लागेल, तरी बोलतो. हा नकाशा फक्त मच्छीमार सोसायटीच्या सभासदांचा झाला तर तो अपुरा राहील. बोटीचा मालक सभासद असतो, बोटीवरचा खलाशी नसतो. आणि खलाशी कोण? डहाणू-तलासरीच्या पाड्यातली आपली वारली, दुबळा पोरं. उचल घेऊन हंगामभर जातात, काही पार सौराष्ट्रापर्यंत. त्या बाजूला समुद्रात दोन देशांची हद्द आहे, पाण्यावर रेघ दिसत नाही, आणि बोट पलीकडे गेली की तुरुंगात खलाशीही जातो. खाडीत हाताने खेकडे, शिंपल्या धरणारी आपली बाई तर कुठल्याच सोसायटीत नाही. ट्रॉलरचा मालक आणि डोलवाला दोघेही ‘मच्छीमार’ म्हणून एका सहीत बसवले तर तेही चालणार नाही, एकाच्या ओढीने दुसऱ्याचे जाळे फाटते.

समुद्र त्यांचा, जंगल आपलं, हे म्हणूनच खरे नाही. सुक्या बोंबलावर आपला पावसाळा निघतो. आणि समुद्रात भराव घालायला दगड लागतो, तो समुद्रात उगवत नाही, डोंगरातून येतो.

ज्या पाड्यांतले लोक बोटीवर जातात त्यांनी एवढे लिहून काढावे: किती जण, कोणत्या बंदरावर, उचल किती, कोणत्या महिन्यात परत. खाडीवर जाणाऱ्या बायांची नावे आणि जागा वेगळ्या कागदावर. दोन्ही कागद पाड्याच्या बैठकीत वाचून मग संघटनेच्या कार्यकर्त्याकडे द्या. किनाऱ्याच्या गावांबरोबर बसू तेव्हा हे कागद हातात हवेत.