लेहची सफर : आधी उंचीचा हिशेब



पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत आणि उत्तरेला श्रीनगरपर्यंत जातो. दवाखान्यासाठी किंवा लग्नाच्या खरेदीसाठी आपण ज्या रस्त्याने नागपूर गाठतो, त्याचेच दुसरे टोक काश्मिरात आहे. श्रीनगरहून पुढे झोजी ला घाट, द्रास, कारगिल आणि मग लेह. मे महिन्यात घरातल्या भिंती तापल्या की तरुण मुले म्हणतात, "यंदा लडाख!" अब्बा सुट्ट्या मोजतात, मुलगा किलोमीटर मोजतो, अम्मी डब्यांचा हिशेब करते. या सफरीत सगळ्यात आधी जी मोजायला हवी, ती उंची मात्र कोणी मोजत नाही.

आपल्या माहितीतले उंच ठिकाण म्हणजे चिखलदरा, सुमारे ११०० मीटर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. श्रीनगर शहर जवळपास कळसूबाईच्याच उंचीवर वसले आहे. कारगिल सुमारे २७०० मीटरवर आणि लेह ३५०० मीटरवर. लेहमध्ये एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. पाऊस तर वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे जुलैतल्या दोन दिवसांत कधी कधी तेवढा पडून जातो. वाळवंटच ते, फक्त थंड आणि उंच.

शरीराला या विरळ हवेची सवय होते, पण त्यासाठी त्याला दिवस द्यावे लागतात. दिल्लीहून विमान सव्वा-दीड तासात लेहला उतरवते. तेवढ्या वेळात शरीर तीन हजार मीटरहून अधिक वर चढलेले असते. म्हणून वेळ असेल तर कुटुंबाने श्रीनगरमार्गे हळूहळू वर जावे. नागपूरहून कटऱ्यापर्यंत जाणाऱ्या रेल्वेगाड्या आहेत आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वेही सुरू झाली आहे. श्रीनगरला दोन रात्री काढा. तिथून कारगिल सुमारे २०० किलोमीटर. तिथेही दोन रात्री थांबा. पुढे लेह आणखी २१५ किलोमीटरच्या आसपास. वाटेत फोटू ला ही खिंड ४१०० मीटरवर आहे, पण ती दिवसा ओलांडून आपण खाली उतरतो. रात्री किती उंचीवर झोपतो, हे जास्त महत्त्वाचे. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस फक्त आराम करायचा. जिने चढणे, धावपळ, खार्दुंग ला सगळे नंतर. जाण्याचा काळ जून ते सप्टेंबर. येण्या-जाण्याचा रेल्वेप्रवास धरून दोन आठवडे तरी हाताशी हवेत. तेवढी सुट्टी नसेल तर या वर्षी श्रीनगर बघून या, लेह पुढच्या वर्षी.

आता जरा अवघड प्रश्न. कोणाला न्यायचे आणि कोणाला नाही? हा निर्णय घरीच, डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हायला हवा. हृदयविकार, जुना दमा, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गर्भारपण यांत डॉक्टर 'नको' म्हणाले तर तो शब्द शेवटचा समजावा. आपल्या विदर्भासाठी आणखी एक गोष्ट आहे, सिकलसेल. ज्याला हा आजार आहे त्याने इतक्या उंचीवर जाऊच नये. जो केवळ वाहक आहे त्याला घरी काही त्रास नसतो, म्हणून कित्येकांना आपण वाहक असल्याचे माहीतच नसते. विरळ हवेत मात्र वाहकाच्याही प्लीहेला गंभीर इजा होऊ शकते. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. घरच्या सगळ्यांची करून घ्या, आणि गाडी भाड्याने नेत असाल तर ड्रायव्हरचीही. तोही कोणाचा तरी मुलगा आहे, आणि तो रोजीसाठी येतोय म्हणून 'नाही' म्हणणार नाही. उंचीच्या त्रासावर आधीपासून घ्यायची गोळी मिळते, पण सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ती चालेलच असे नाही. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

त्रासाची सुरुवात डोकेदुखीने होते. मग भूक मरते, मळमळते, झोप लागत नाही. असे झाले की त्या दिवशी आणखी वर जायचे नाही. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचे आणि दवाखाना गाठायचा. यात तरुण आणि धडधाकट माणसालाही सूट नाही.

खरी भीती लपवण्याची आहे. आपल्या घरांतल्या बायका डोके दुखत असले तरी चहा करून देतात आणि विचारले तर म्हणतात, "काही नाही, थोडी थकले." सगळ्यांची मजा आपल्यामुळे जाऊ नये, असे त्यांना वाटते. तरुण मुलगा मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून गप्प राहतो. घरी असे गप्प राहणे निभावून जाते, ३५०० मीटरवर ते जिवावर बेतते. सफरीत एकाला अमीर नेमायची आपली रीत आहे. ती इथे कामाची. निघण्यापूर्वी मशवरा करून अमीर ठरवा आणि 'आता परतायचे' हा त्याचा शब्द वाद न घालता ऐकायचा, हेही ठरवा. अमीर वयाने मोठाच हवा असे नाही. घरात नर्सिंग शिकणारी मुलगी असेल तर तिलाच करा. रोज रात्री तिने प्रत्येकाला विचारावे : डोके दुखते का, जेवलात का, झोप लागली का.

कारगिलच्या दोन रात्री वाया गेल्या असे कोणाला वाटणार नाही. १९९९ च्या युद्धामुळे हे नाव आपल्याला माहीत झाले, पण त्याआधी ते मध्य आशियाच्या व्यापाराच्या वाटेवरचे गाव होते. मुन्शी अझीझ भट यांनी १९२० मध्ये तिथे सराय उभारली. त्या व्यापारातल्या वस्तूंचे संग्रहालय त्यांच्या वंशजांनी जपले आहे. इथले बहुसंख्य लोक शिया मुस्लिम आहेत. आपल्या तारखांत मोहर्रम येतो का ते पाहून घ्या, आणि आलाच तर त्यांच्या दुखवट्याचा मान ठेवा. लेहच्या बाजारातली जामा मशीद सतराव्या शतकातली आहे.

काही लहान गोष्टी. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम तिकडे चालत नाहीत, म्हणून एक तरी पोस्टपेड असू द्या. रोख पैसे जवळ ठेवा. ऊन भाजते आणि सावलीत हुडहुडी भरते, त्यामुळे एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे बरे. हवा कोरडी असते, तहान नसली तरी पाणी प्या. मात्र ते वापरताना हात आखडता ठेवा. तिथले पाणी वितळणाऱ्या बर्फाचे आणि मोजके आहे. वुजूला एक लोटा पुरतो. सफरीत नमाज कसर करण्याची सवलत आहेच.

तवक्कुल जरूर असावा, पण तदबीर आधी. या रविवारी घरच्यांनी एकत्र बसून एका कागदावर रोज रात्री कुठे झोपायचे आणि त्या गावाची उंची किती, एवढे लिहून काढावे. दुसऱ्या कागदावर तपासणीसाठी कोणाकोणाला दवाखान्यात न्यायचे त्यांची नावे लिहावीत. तिकिटे त्यानंतर काढावीत. अल्लाह सर्वांची सफर आसान करो.