शाळेला देताना

ज्येष्ठ वाचकहो, नातवंडे मोठी झाली की भिंग, तराजू, मणी कपाटात पडून राहतात. शिक्षकांना गरज विचारून या वस्तू जवळच्या प्राथमिक शाळेस द्याव्यात. फळ्यावरची ३७ ही संख्या पाहून कंटाळणारे मूल माळेवर दहाचे तीन गट आणि सात सुटे मणी स्वतः मोजताना रमून जाते. दर दहा मण्यांनंतर रंग बदलून १०० मण्यांची अशी माळ आपण घरीच ओवू शकता. मात्र पाऱ्याचा थर्मामीटर देऊ नये. तो फुटण्याचा धोका असतो. बटणासारखा सेल असलेले खेळणेही नको. गिळलेला सेल २ तासांत अन्ननलिकेस गंभीर इजा करू शकतो. माळ शक्यतो स्वतः नेऊन द्यावी. तेवढेच चालणे होईल आणि मुलांशी बोलणेही.