मेंदूचा सीटी नॉर्मल. पण मानेचे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुचाकीवरून पडलेला पंचविशीतला एक तरुण आमच्या अपघात विभागात आला. जबडा मोडला होता. पण तो शुद्धीवर होता, बोलत होता. मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल आला. नातेवाईक निर्धास्त झाले, आम्हीही झालो. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. मग मानेच्या रक्तवाहिन्या तपासल्या. डावी कॅरोटिड धमनी आतून फाटली होती.

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या चार मोठ्या धमन्या मानेतून वर जातात. दोन कॅरोटिड पुढून, तर दोन व्हर्टिब्रल मागून, मणक्यांच्या छिद्रांतून. मानेला जोराचा हिसका बसला किंवा ती आवळली गेली, तर धमनीचे आतले अस्तर फाटू शकते. बाहेर जखम दिसेलच असे नाही. फाटलेल्या जागी गुठळी धरते. तिचा तुकडा मेंदूत गेला की पक्षाघात होतो. इजा आणि पक्षाघात यांच्यामध्ये अनेकदा काही तास, कधी काही दिवस जातात. तेवढाच वेळ आपल्या हाती असतो.

ही इजा ओळखते ती सीटी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून डाय सोडून, त्याच सीटी यंत्रावर काही मिनिटांत धमन्यांचे चित्र मिळते. सोनोग्राफीवर विसंबून चालत नाही; कवटीच्या तळाजवळचा भाग तिला नीट दिसत नाही.

प्रत्येक जखमीची ही तपासणी करा, असे मी म्हणणार नाही. डायची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, किरणांचा मारा यांचा विचार करावाच लागतो. पण मानेच्या मणक्याचे, कवटीच्या तळाचे किंवा जबड्याचे फ्रॅक्चर, गळफास, सीटबेल्टने मानेवर आलेला वळ व सूज, सीटीशी न जुळणारा लुळेपणा अशा खुणा असतील, तर मानेकडे पाहायलाच हवे. ‘डेन्व्हर निकष’ म्हणून अशी यादी जगभर वापरली जाते. आपल्याकडे त्यात दुचाकीच्या चाकात ओढणी अडकून आवळलेला गळाही धरायला हवा. ही यादी प्रत्येक अपघात विभागाच्या भिंतीवर लावावी आणि पहिल्या सीटीच्या वेळीच निर्णय घ्यावा. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, सवय लागते.

इजा वेळेत सापडली तर अनेकांना ॲस्पिरिन किंवा हेपॅरिनसारख्या औषधांनी पक्षाघातापासून वाचवता येते. मात्र डोक्यात रक्तस्राव असेल तर हीच औषधे घातक ठरू शकतात. म्हणून घरच्या घरी गोळी देऊ नका.

नातेवाइकांनी अपघात नेमका कसा झाला ते सांगावे. मान नव्याने दुखू लागली, एक पापणी खाली आली, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा तोल गेला, तर तातडीने रुग्णालय गाठावे. आणि डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: “मानेच्या रक्तवाहिन्या तपासायची गरज आहे का?” त्या तरुणाच्या वेळी हा प्रश्न कोणीच विचारला नाही. तो आधी आम्हाला सुचायला हवा होता.