तलावाचे अजीर्ण

अमेरिकन शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्ग यांनी १९६२ साली कॅनव्हासचा सात फूट रुंदीचा बर्गर घडविला. १९६७ साली टोरांटोच्या कलासंग्रहालयाने तो विकत घेतला, तेव्हा तेथील कलाविद्यार्थ्यांनी केचपची भलीमोठी बाटली मिरवीत आणून निषेध केला. आपल्याला हा खाऊन माजलेल्यांचा पोरखेळ वाटावा, हे स्वाभाविक होते. आपल्या चित्रकारापुढे प्रश्न होता तो भुकेचा. १९४३ च्या दुष्काळात चित्तप्रसाद यांनी बंगालमधील उपाशी माणसे रेखाटली, आणि परकीय सरकारने त्यांची पुस्तिका जप्त करून जाळली.

भूक अद्याप सरलेली नाही. मात्र तिच्याच पंक्तीला आता अतिभोजन येऊन बसले आहे. १९९६ साली दिल्ली-मुंबईत आलेला मॅक्डोनल्ड्सचा बर्गर आता लहान शहरांतही परका राहिलेला नाही. कलावंत सुबोध गुप्ता यांनी २००६ साली स्टीलच्या भांड्यांची एक अवाढव्य कवटी उभारली आणि तिला ‘अतिशय भुकेला देव’ अशा अर्थाचे नाव दिले. घराघरांतील ताट-वाटीच मृत्यूचे मुख होऊन समोर यावी, याहून बोलके भाष्य कोणते?

तथापि असे भाष्य पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. किनाऱ्यावरून घाट चढून हुबळीस जाणाऱ्याने उणकलचा तलाव पाहावा. जवळच चालुक्यकालीन चंद्रमौळेश्वराचे देखणे मंदिर आहे, आणि तलावावर मात्र वारंवार जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. तो गालिचा समृद्धीचा नव्हे, अजीर्णाचा आहे. सांडपाण्यातून येणारे नत्र व स्फुरद पाण्याला गरजेपेक्षा अधिक पोसतात. त्यावर जलपर्णी माजते, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि मासळी गुदमरते. माणसाचे अतिभोजन आणि तलावाचे अतिभोजन ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत.

जलपर्णी यंत्राने उपसणे म्हणजे रोग्याचा घाम पुसणे होय. हुबळी-धारवाड महापालिकेने तलावात शिरणारे सांडपाणी प्रथम अडवावे. आणि धारवाडच्या कलाविद्यार्थ्यांनी बर्गरची नक्कल न करता, हीच उपसलेली जलपर्णी व काठावरची वेष्टने घेऊन तलावाशेजारीच आपले प्रदर्शन मांडावे. भुकेच्या चित्राने एकेकाळी सत्ता अस्वस्थ झाली होती. तृप्तीच्या चित्राने आपण, म्हणजे आजचे सत्ताधीश ग्राहक, अस्वस्थ होणार आहोत की नाही, एवढाच प्रश्न आहे.